सोयाबीननंतर गहू टाकायचा की डॉलर, म्हणजे मोठ्या दाण्याचा काबुली चणा? (इंदूरकडच्या काळ्या जमिनीसाठी)

सोयाबीन निघालं की सांवेर-देपालपूरकडे दरवर्षी हाच प्रश्न, आणि बहुतेक लोक मंडीचा भाव बघून ठरवतात. माझं म्हणणं, आधी बोअर बघा. गव्हाला पाण्याच्या चार-पाच पाळ्या लागतात, चण्याचं एक-दोनात भागतं कारण काळी माती ओल धरून ठेवते, उलट फुलावर असताना पाणी जास्त झालं तर नुसता पाला माजतो. जानेवारीत बोअर आटत असेल तर गव्हाचा हट्ट नको, फार तर थोडा कठिया (कडक दाण्याचा ड्युरम गहू), पूसा तेजस वाणासारखा, घरच्या बाफल्यांपुरता (उकडून भाजलेले कणकेचे गोळे).

खताचं गणित सरळ आहे. गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र धरा, चण्याला 20 च्या आसपास. म्हणजे युरियाचा खर्च वाचतो, पण डॉलरचं बी महाग आणि दाणा मोठा म्हणून लागतंही जास्त.

आता "चणा लावला की जमीन आपोआप सुधारते" हे जे सगळे म्हणतात ना, ते अर्धंच खरंय. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र ओढतात पण त्यातला मोठा हिस्सा दाण्यात जातो आणि दाणा जातो मंडीत, जमिनीला उरतात मुळं आणि गळलेली पानं. सोयाबीनचंही तेच. शिवाय सोयाबीन-चणा, सोयाबीन-चणा असं एकाच तुकड्यात चालवलं तर रोग साचतात. वाळलेलं रोप उपटून खोड उभं चिरा, आतली शीर काळपट दिसली तर उकठा (मर रोग), आणि बुडाशी पांढरी बुरशी न मोहरीएवढे गोल दाणे दिसले तर कॉलर रॉट (बुडाची कूज), ही बुरशी सोयाबीनवरही जगते. उकठ्याची तर चणा नसला तरी वर्षानुवर्षं मातीत पडून राहते. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्र बुरशी) लावा जरूर, पण पीक बदलल्याशिवाय सुटका नाही.

गव्हाचा फायदा इथे, हे रोगाचं चक्र तुटतं आणि काड भरपूर मिळतं. पण मग नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेलं काड) जाळू नका हो! नत्र, गंधक सगळं धुरात जातं. हॉवर्डसाहेबांनी (इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड) 1924 ते 1931 मध्ये याच शहरात कंपोस्टची पद्धत बसवली, जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात, आणि आपण एप्रिलमध्ये काडी लावून मोकळे.

मी असतो तर पाणी असेल तिथे शेताचे तीन भाग केले असते, दोनात गहू, एकात चणा, आणि चण्याचा तुकडा दरवर्षी सरकवत नेला असता. पाणी कमी असेल तर चणा जास्त घ्या पण मग खरिपात त्या तुकड्यात सोयाबीनऐवजी मका टाका, तो खादाड आहे, खत मागतो, तरी चालेल. सोयाबीनला डीएपीऐवजी सुपर फॉस्फेट द्या म्हणजे गंधकही मिळतं. आणि सोयाबीनचं उरलेलं रायझोबियम (नत्र ओढणारे जिवाणू) कल्चर चण्याला लावू नका, दोघांचे जिवाणू वेगळे, पाकीट चण्याचंच मागून घ्या.