एकीची कहाणी की तिघींची? शाळेच्या गेटवरची रहस्यकादंबरी लिहिण्याआधी

सोलापूरच्या होटगी रोडवरची महागडी इंग्रजी शाळा, गेटबाहेर मोठ्या गाड्यांची रांग, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि स्नेहसंमेलनानंतर सापडलेलं एक प्रेत. इतकं ठरलं की लिहिणारा लगेच खुनी शोधायला लागतो. त्याआधी ठरवायचं ते वेगळंच: गोष्ट सांगणार कोण? एकच आई, की आळीपाळीने अनेक पालक?

भांडणाचं कारण दोन्हीकडे सारखंच लागेल, आणि सोलापुरात ते शोधायला लांब जावं लागत नाही. हे गणवेश शिवणारं शहर आहे; शाळेच्या गणवेशाचं कंत्राट कुणाच्या कारखान्याला, यावर दोन घरांत वैर सहज पेटेल. दुसरं कारण पालक-शिक्षक संघाचं. इथे बहुतेक हस्तलिखितं घसरतात, कारण त्यांत ‘निवडणूक’ होते. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार संघाच्या कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून घेतात, आणि शाळेचा फीवाढीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो. पैशाने सगळं मिळवायची सवय असलेल्या माणसांना चिठ्ठी विकत घेता येत नाही. घेतलीच, तर कादंबरी तिथे सुरू होते.

एकच निवेदिका घेतली तर वाचक तिच्या कातडीत शिरतो. तिची असूया, तिचे हप्ते, दुसरीच्या बांगड्यांकडे गेलेली तिची नजर हे सगळं फुकट मिळतं. अडचण एवढीच की तिला सगळीकडे हजर राहावं लागतं. मग दाराआडून ऐकणं आलं. असा योगायोग एकदा खपतो, दुसऱ्यांदा वाचक भुवई उंचावतो, तिसऱ्यांदा पुस्तक मिटतो. उपाय सोपा आहे: तिला संघाची सहसचिव करा. दोन सहसचिव पालकांतूनच असतात. इतिवृत्त, कोटेशनं, तक्रारअर्ज आपोआप तिच्या टेबलावर येतात, तिला कुठे लपून बसावं लागत नाही.

अनेक आवाजांची ताकद एकाच प्रसंगाच्या दोन आवृत्त्यांत आहे. एकजण सांगते, ‘मी बाळीवेशीतून पंधरा मिनिटांत गाडीने घरी आले.’ दुसरीच्या प्रकरणात कळतं की तो गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतला नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा दिवस होता. त्या गर्दीतून गाडी निघणंच शक्य नाही. एकट्या निवेदिकेच्या कादंबरीत हे खोटं पकडायला कुणीतरी तपासअधिकारी आणावा लागतो.

पण इथला खड्डा मोठा आहे. खुनी बाईच्या मनात शिरून प्रकरण लिहायचं आणि खुनाचा विचार तेवढा तिच्या डोक्यातून गाळायचा, ही वाचकाची फसवणूक. तिला आवाजच दिला नाही, तर हुशार वाचक वजाबाकी करून तिच्यापर्यंत पोहोचतो. यातून वाट एकच: तिचा आवाज पोलिसांना दिलेल्या जबाबाच्या रूपात ठेवा. मन खोटं बोलत नाही, जबाब बोलतो. मात्र जबाब लिहिताना कायदा सांभाळा. १ जुलै २०२४ पासून पोलीस तपासाचे नियम ठरवणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. साक्षीदार बाईला चौकशीसाठी ठाण्यात यायला लावता येत नाही. फौजदार तिच्या बंगल्यावर येईल. (कादंबरीला हे फायद्याचंच. चहा कोण आणतं, नोकर दार किती ओढून घेतो, हे सगळं दिसतं.) पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, तेव्हा शेवटच्या प्रकरणात तो देऊन मोकळं होऊ नका.

आवाज किती? ७० हजार शब्द आणि १,७०० शब्दांची प्रकरणं धरली तर सुमारे ४१ प्रकरणं होतात. पाच आवाज ठेवले तर एक बाई गेली की मध्ये चार प्रकरणं, म्हणजे ६,८०० शब्दांनी परत येते. तोवर तिच्या मुलाचं नावही आठवत नाही. तीन आवाजांत ती दोन प्रकरणांनी भेटते. शिवाय प्रकरणावरचं नाव झाकून पाच ओळी वाचल्या तरी बोलणारी ओळखू आली पाहिजे. सोलापुरात हे जमण्यासारखं आहे: एकीच्या घरी तेलुगू, दुसरीच्या घरी कन्नड, आणि पार्टीत तोलून-मापून इंग्रजी बोलणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या तोंडून रागात निसटलेलं ‘काय बे!’. हे निसटणं पुस्तकात एकदाच ठेवा.

रहस्य निवेदिकेच्या पोटात असेल, म्हणजे तिनेच काही लपवलं असेल, तर एकच आवाज घ्या. कुणाला काय कधी कळलं यात रहस्य असेल, तर तीन. पालकांच्या चढाओढीचा विषय बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा असतो, म्हणून आमचं मत तीनकडे. त्यातला तिसरा आवाज श्रीमंताचा नको. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर सोडतीत मुलाचा नंबर लागलेली आई घ्या (शाळा अल्पसंख्याक संस्थेची दाखवू नका, त्यांना हा नियम लागू नाही). मुलाच्या प्रवेशाला एक चिठ्ठी, समितीत तिचं नाव निघालं ती दुसरी. त्या बैठकीत टाळ्या कोण वाजवत नाही, ते तिच्या नजरेतून पहिल्याच प्रकरणात दाखवता येईल.