महिला मंडळाच्या जुन्या वह्या: सांगलीतली स्कॅनिंग-बांधणी सेवा

महिला मंडळाच्या शाखेचा इतिहास लिहायचा तर इतिवृत्ताच्या वह्यांना पर्याय नाही. 1962 च्या युद्धात राष्ट्रीय संरक्षण निधीला कुणी बांगडी दिली, लोकर किती आली, स्वेटर किती विणले, हे तिथंच सापडतं.

अशा वह्या स्कॅन करून, नव्याने बांधून देणाऱ्या सांगलीतल्या या सेवेचं बांधणीचं काम उत्तम. जुजबंदी (पानांचे गठ्ठे एकमेकांना शिवायची) शिलाई दोऱ्याची, खळ मैद्याची आणि तीत मोरचूद, त्यामुळे कसर लागत नाही. वही पूर्ण उघडते. लॅमिनेशनला हे लोक स्वतःच नाही म्हणतात, हे विशेष. एकदा प्लास्टिक चिकटलं की कागद परत सुटत नाही.

स्कॅनिंगला मात्र त्यांच्या डोक्यावर उभं राहावं लागतं. न सांगता काळं-पांढरं करतात, मग पुसट निळी शाई आणि पेन्सिलीच्या दुरुस्त्या गायब. रंगीत, किमान 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), असं पावतीवरच लिहून घ्या. चिकटवलेल्या देणगी पावत्यांच्या घड्या उलगडून स्कॅन करत नाहीत. पैसे पानांच्या हिशेबाने घेतात, म्हणून कोरी पानं आधी सांगा, आणि पानांना पेन्सिलीने क्रमांक घालूनच वही द्या.

सगळ्यात मोठा दोष कटिंगचा. कडा सरळ करायच्या नादात समासातली अध्यक्षांची सही अर्धी उडते. 'कडा कापू नये' हे ठणकावून सांगावं.

पुरात भिजलेल्या वह्या असतील तर चिकटलेली पानं ओढू नका, उन्हातही टाकू नका. सुटतील तेवढ्या पानांत टीपकागद घालून सावलीत, पंख्याखाली वाळवा, मगच नेऊन द्या.