ठाणे ते सीप्झ, मुंबई वन ॲपवर : तिकीट एक झालं, भाडं नाही (५ पैकी ३.५)

माझा रोजचा रूट म्हणजे ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि मग मेट्रो ३ ने दोन स्टेशनं पुढे सीप्झ. लोकलचा पास संपला होता म्हणून म्हटलं चला एकदा अख्खा प्रवास मुंबई वनवरच करून बघू. हे ॲप ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं, लोकल, सगळ्या मेट्रो, मोनो, बेस्ट, शिवाय ठाणे-नवी मुंबईच्या बस धरून ११ सेवा एकाच ठिकाणी.

खरं सांगू, घाटकोपरला जो फरक पडतो ना तो भारी आहे. लोकलमधून उतरून ब्रिजवर चढलं की मेट्रोच्या तिकिटाची लाईन, सकाळी नऊला तिथं काय असतं ते ज्याला माहितीये त्याला माहितीये, ती सोडून थेट गेटवर क्यूआर दाखवायचा आणि पुढं. यासाठीच चार स्टार देणार होते. पहिल्या दिवशी युपीआय गोल गोल फिरत बसलं आणि डोळ्यासमोर फास्ट लोकल गेली, पण ते माझ्या बँकेचं पाप (कुठली ते जाऊ दे), ॲपचं नाही. तेव्हापासून तिकीट घरूनच काढून निघते.

आता अर्धा स्टार का कापला. मरोळ नाक्याला मेट्रो १ वर पुलावर आणि मेट्रो ३ जमिनीखाली, म्हणजे वरून पार खाली उतरायचं, तेही एकवेळ चालेल, पण पुढच्या दोन स्टेशनांसाठी भाडं परत पहिल्यापासून सुरू, किमान १० रुपये. गाडी बदलली म्हणून सूट वगैरे काही नाही, तिन्ही भाड्यांची नुसती बेरीज. आणि भाडं एक होणार तरी कसं, लोकल केंद्राची, बेस्ट महापालिकेची, मेट्रो १ मध्ये खाजगी कंपनी आलेली, मेट्रो ३ ची कंपनी अजून वेगळी, एका घरात चार चुली म्हणा ना! लोकलचा पास मेट्रोत चालत नाही तो नाहीच, त्यामुळे माझ्यासारख्या पासवाल्यांना ॲप फक्त मेट्रोपुरतंच.

ज्यांना कधीतरीच जायचंय त्यांनी हे ॲप डोळे झाकून घ्या. मी मात्र पास काढलाय परत. आणि हो, घरापासून ठाणे स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा यात कुठेच नाही हां, तिथं अजून सुट्टेच लागतात.