जुन्या मोटरहोमचा चढावर जाणारा दम : इंजिनवरचा यांत्रिक पंप की टाकीजवळचा विद्युत पंप?

अमेरिकेत १९८० च्या दशकातली, कार्बुरेटरवर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावर) चालणारी पेट्रोल मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, ज्यांच्याकडे आहे, त्यांना ही तक्रार ओळखीची असेल. सपाट रस्त्यावर इंजिन उत्तम चालते, पण उन्हाळ्यात लांब चढ लागला की त्याचा दम जातो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही वेग उतरत राहतो आणि गाडी बाजूला घेऊन बराच वेळ थंड होऊ दिली की सारे पूर्ववत होते. प्रज्वलन, कॉम्प्रेशन आणि एक्झॉस्ट तपासून झाल्यावर दोष इंधनपुरवठ्याकडेच बोट दाखवू लागला, की मालकापुढे दोन मार्ग उरतात. इंजिनवरचा यांत्रिक पंप नवा बसवून त्याला उष्णतेपासून जपायचे, किंवा तो काढून टाकीजवळ विद्युत पंप बसवायचा. मी दोन्ही मार्ग एकाच गाडीवर, एकाच चढावर वापरून पाहिले आहेत.

तो चढ म्हणजे लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडचा, आय-५ महामार्गावरचा ग्रेपवाइन. सेंट्रल व्हॅलीच्या तापलेल्या सपाटीवरून रस्ता एकदम सहा टक्क्यांच्या चढाला लागतो आणि पुढे ४,१४४ फुटांवरच्या टेहोन खिंडीत पोहोचतो. उंचीमुळे दर हजार फुटांना साधारण ३ टक्के शक्ती कमी होते, त्यामुळे माथ्याजवळची सुमारे १२ टक्के घट कोणताही पंप भरून काढणार नाही. ती घट हळूहळू जाणवते. पेट्रोल कमी पडल्याची घट मात्र अचानक येते आणि तिच्यात हिसके असतात. शंका असल्यास कार्बुरेटरच्या अलीकडे दाबमापक लावून चढावर पाहावे. अशा बऱ्याच इंजिनांना ५ ते ७ पीएसआयच्या आसपासचा दाब लागतो, आणि नेमक्या दम जाण्याच्या क्षणी काटा कोसळत असेल तर निदान झाले असे समजायला हरकत नाही. पेट्रोलची नळी चालकाच्या केबिनमध्ये मात्र कधीही आणू नये. मापक काचेच्या बाहेरच्या बाजूने बांधावा.

यांत्रिक पंपाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याला वायरिंग लागत नाही, इंजिन बंद पडताच तो थांबतो, त्यामुळे अपघातात पेट्रोल वाहत राहण्याचा धोका कमी असतो, आणि त्याची दुरुस्ती कोणत्याही जुन्या मेकॅनिकला येते. त्याची अडचण त्याच्या जागेत आहे. टाकी गाडीच्या मागच्या टोकाला आणि पंप पुढे, तापलेल्या इंजिनला चिकटून. त्यामुळे एवढ्या लांबून त्याला पेट्रोल ओढून आणावे लागते. ओढताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल आणखी लवकर उकळते. त्यातले हलके घटक तसेही ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या सुमारास वाफ होऊ लागतात आणि १० टक्के इथेनॉल मिसळल्याने ही प्रवृत्ती वाढते. वाफ पंपाला नीट पुढे ढकलता येत नाही आणि पेट्रोल अडते, यालाच व्हेपर लॉक म्हणतात. घाटात पंपावर ओले फडके टाकून जुन्या ॲम्बॅसडर चालवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मी नव्या पंपाबरोबर नळ्यांना उष्णतारोधक वेष्टन घातले, वाफ टाकीकडे परत पाठवणारा, परतीच्या नळीचा फिल्टर लावला आणि कार्बुरेटरखाली उष्णता अडवणारा जाड विलगक बसवला. चालत्या गाडीत फरक निश्चित पडला. सकाळी लवकर निघाल्यास तक्रार जवळजवळ उरली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

माझा निर्णय झाला तो थांब्यानंतरच्या चढामुळे. पायथ्याशी पेट्रोल भरण्यासाठी थांबले की वारा आणि पंखा दोन्ही बंद होतात, इंजिनची सारी उष्णता वर चढते आणि पंपातले पेट्रोल वाफ होऊन जाते. तरीही चावी फिरवताच इंजिन सुरू होते, कारण कार्बुरेटरच्या फ्लोट बाऊलमध्ये, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाटीत, थोडे पेट्रोल शिल्लक असते. तेवढ्या पेट्रोलवर गाडी महामार्गाला लागते, वेग घेते, चढाला भिडते, आणि बाऊल रिकामा झाला की ट्रकच्या रांगेत, मागे मोठी वाहने असताना, तिचा दम जातो. सुरू न होणारी गाडी परवडते, ती निदान सुरक्षित जागी तरी उभी असते. चालू होऊन चढाच्या मध्यावर दगा देणाऱ्या गाडीत कुटुंबाला बसवणे मला मान्य होईना, आणि कितीही वेष्टन घातले तरी हा प्रकार यांत्रिक पंपाने पूर्णपणे सोडला नाही.

टाकीजवळचा विद्युत पंप पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो. पुढची सगळी नळी दाबाखाली राहते, पंप स्वतः थंड जागी असतो, आणि तापलेल्या थांब्यानंतरही चावी फिरवताच बाऊल भरू लागतो. माझ्या अनुभवात पायथ्याच्या थांब्यानंतरचे हिसके बंद झाले. महिनोन्महिने उभी असलेली गाडी सुरू करताना बॅटरीवरचा ताणही कमी झाला. पंपाची टकटक मागच्या पलंगावर झोपलेल्याला ऐकू येते, ती रबरी आधारावर बसवल्याने सौम्य होते. खरी जबाबदारी वायरिंगची आहे. रिले, फ्यूज आणि इंजिन थांबताच वीज तोडणारा ऑइल प्रेशर स्विच यांच्याशिवाय हा पंप बसवूच नये, आणि त्याचा दाब कार्बुरेटरला सोसणारा असावा, नाहीतर बाऊलमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी सुईची झडप उघडी राहून इंजिनात पेट्रोलचा पूर येतो.

काही जण दोन्ही पंप एकामागे एक ठेवतात. मला ते पटत नाही, कारण यांत्रिक पंपाचा पडदा फाटला तर विद्युत पंप पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये ढकलत राहतो. मी जुना पंप काढून त्या जागी गॅस्केटसह पट्टी बसवली.

समुद्रकिनाऱ्यालगतच्या थंड रस्त्यांवरच फिरणाऱ्यांना किंवा वायरिंगला हात लावणे नको असणाऱ्यांना यांत्रिक पंप बहुधा पुरेसा पडेल. आंतरभागातले उन्हाळी चढ ज्यांच्या वाटेवर आहेत, त्यांनी माझ्या मते टाकीजवळच्या पंपाचा खर्च करावा. मात्र त्याआधी टाकीपासूनच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नव्या घ्याव्यात. ओढणाऱ्या बाजूची तडकलेली नळी बाहेर थेंबही गाळत नाही, ती आत हवा घेते आणि व्हेपर लॉकसारखीच लक्षणे दाखवते. तीच नळी दाबाखाली आली की पेट्रोल बाहेर फेकू लागते.