एचआयव्ही आणि नशा, दोन्ही एकाच खोलीत बोलता येतात: एका गटउपचार सेवेचा अनुभव

ज्यांना एचआयव्ही आहे आणि सुईच्या नशेतून बाहेर पडायची धडपडही चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी त्यांच्यातलीच एक.

आपल्या लोकांना ठाऊक असेल, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधोपचारांच्या, डॉक्टरांपुढे नशेचं नाव काढायला जीभ रेटत नाही आणि व्यसनमुक्तीच्या गटात एचआयव्हीचं. एकीकडे ‘ही काय गोळ्या नीट घेणार’ असा शिक्का बसतो, दुसरीकडे शेजारचा माणूस खुर्ची सरकवून बसतो. मग दोन्हीकडे अर्धंच सांगितलं जातं. मी ज्या गटउपचार सेवेबद्दल सांगतेय, तिथे एआरटी, मेथाडोन (हेरॉइनसारख्या नशेची तलफ आवरणारं औषध), व्हायरल लोडची म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे याची तपासणी आणि गटउपचार एकाच ठिकाणी मिळतात. माझ्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

आणि प्रश्न फक्त हेलपाटे वाचण्याचा नाही. एफाव्हिरेन्झ हे एचआयव्हीचं औषध रक्तातलं मेथाडोनचं प्रमाण कमी करतं. मेथाडोनचा डोस तोच राहिला तर टर्की लागू शकते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास. घाम, हाडं ठणकणं, रात्रभर तळमळ. आधीच्या एका केंद्रात माझं हेच झालं, तेव्हा ‘डोस वाढवून घ्यायची नाटकं करतेस’ असं चारचौघांत ऐकावं लागलं. इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत माझी सगळी औषधं लिहून घेतली आणि कारण लगेच ओळखलं. मला डोल्युटेग्राव्हिर या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधावर आणलं, त्याचा मेथाडोनवर असा परिणाम होत नाही. एफाव्हिरेन्झ थांबल्यावर मेथाडोनचं प्रमाण पुन्हा चढतं, म्हणून त्या काळात डोसवर बारीक लक्ष ठेवलं. ‘तुमची तक्रार खरी होती’ असं ते म्हणाले. त्या एका वाक्यामुळे मी गटात बसायला तयार झाले.

गट चालतो तो अॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपीच्या पद्धतीने, म्हणजे बोचरे विचार हाकलत न बसता, ते असतानाच आपल्याला महत्त्वाचं वाटतं ते करायचं. स्टीव्हन हेज या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ती विकसित करायला सुरुवात केली. समुपदेशक ताई ‘लाज सोडा, आत्मविश्वास बाळगा’ असलं काही सांगत नाहीत. स्वतःबद्दल मनात सतत येणारं सगळ्यात बोचरं वाक्य त्या कागदावर लिहायला लावतात. तो कागद फाडायचा नाही की लपवायचा नाही. मांडीवर ठेवायचा आणि तो तिथे असतानाच बोलायचं, ऐकायचं, आपल्याला नेमकं कशासाठी जगायचंय ते लिहून काढायचं. माझं वाक्य होतं, ‘लेकीला जवळ घ्यायचा मला हक्क नाही.’ मिठी मारून, पापा घेऊन एचआयव्ही पसरत नाही हे मला कित्येक वर्षांपासून पाठ होतं. तरी हात आखडायचाच. त्या गटात मला पहिल्यांदा उमगलं की ते वाक्य मनात चालू असतानाही हात पुढे करता येतो.

पहिल्या बैठकांनंतर मला बरं वाटण्याऐवजी जास्त जड वाटलं, हे आधीच सांगून ठेवते. ताईंनी तेव्हा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाची माहिती दिली. व्यसनाच्या उपचारासाठी दाखल झालेल्या १३३ जणांपैकी काहींना याच पद्धतीचे एकूण सहा तासांचे गट दिले होते. उपचार संपताना त्यांच्यातली लाज नेहमीचे उपचार घेणाऱ्यांइतकी उतरली नव्हती. चार महिन्यांनी मात्र चित्र उलटं दिसलं. यांची लाज जास्त कमी झाली होती आणि नशेचे दिवसही कमी होते. हे ऐकलं म्हणून मी टिकले. नव्याने जाणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यांवरून निकाल लावू नये.

माहिती देतानाही इथे काही झाकून ठेवत नाहीत. २०१६चा पार्टनर अभ्यास त्यांनी नीट समजावला. त्यात ८८८ जोडपी होती, एक जोडीदार पॉझिटिव्ह पण उपचारांमुळे व्हायरस दबलेला. सुमारे ५८,००० वेळा कंडोमशिवाय संबंध येऊनही पॉझिटिव्ह जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. लगेच त्यांनी हेही बजावलं की हा दिलासा शरीरसंबंधांपुरता आहे, एकमेकांची सुई वापरण्याला तो लागू नाही. कोणी पुन्हा नशा केली तर त्याला गटातून काढत नाहीत. नव्या सुया देतात, आणि आमचा पिअर, म्हणजे स्वतः यातून गेलेला आणि आता इतरांना साथ देणारा साथी, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस करतो. मी इतर ठिकाणी अशा वेळी नाव कापलेलं पाहिलंय. ज्याला उपचारांची सर्वांत जास्त गरज, त्यालाच दारातून परत पाठवणं मला क्रूर वाटतं.

आता उणिवा. औषधाच्या खिडकीवर अजूनही पूर्ण नाव मोठ्याने पुकारतात. आत लाजेवर इतकं काम चाललेलं असताना बाहेर हे का, मला कळत नाही. टोकन नंबर देणं काही अवघड नाही. गट संपल्यावर पुढे आधार म्हणून काहीच ठरलेलं नाही, सगळा भार त्या एका पिअरवर. आणि बायका फार कमी येतात. आई असून नशा करते म्हटल्यावर लोक कसं बघतात, हे पुरुषांनी भरलेल्या खोलीत मोकळेपणाने बोलता येत नाही. लेकराला कुठे ठेवायचं हाही प्रश्न असतोच.

पाचपैकी चार तारे. एक तारा खिडकीवरच्या पुकाऱ्यासाठी कापला. नाव नोंदवताना दोन गोष्टी नक्की विचारा: माझी फाइल कोणकोण बघणार, आणि गटात ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही असं सगळ्यांकडून कबूल करून घेता का? इथे घेतात, दर बैठकीच्या सुरुवातीला. बायकांचा वेगळा गट सुरू करा, मी पिअर म्हणून यायला तयार आहे, असं मी त्यांच्या सूचनावहीत लिहून आलेय.