फाउस्टिना आणि ज्युलिया डोम्ना: दोन रोमन डेनारियस, काही महिन्यांनंतर

डेनारियस म्हणजे रोमनांचं चांदीचं नाणं. माझी दोन्ही नाणी इथे लंडनमध्येच घेतली. आकाराने आपल्या एक रुपयाच्या नाण्याहून लहान, वजन जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास. इतके महिने हाताळल्यावर ठामपणे सांगते, रोमन नाण्यांची सुरुवात सम्राटांपेक्षा राण्यांपासून करावी.

फाउस्टिनाचं नाणं ती गेल्यानंतरचं. इ.स. 140च्या सुमारास ती वारली. नवरा, सम्राट अँटोनायनस पायस, 161पर्यंत गादीवर होता. त्याने तिला देवीपद दिलं आणि तिच्या नावाने भरपूर नाणी पाडली, म्हणून ती आजही सहज मिळतात आणि परवडतात. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे प्राचीन मुख्य चौकात, दोघांच्या नावाचं देऊळही उभं आहे. माझ्या नाण्यावर 'दिवा फाउस्टिना' (देवीपद मिळालेली फाउस्टिना) हा लेख, मागे धान्याची देवी सेरेस, एका हातात गव्हाच्या लोंब्या, दुसऱ्यात मशाल. तिरप्या उजेडात भिंग धरलं की डोक्यावर गुंडाळलेल्या वेणीचे पेड सुटे दिसतात. एवढ्याशा ठशात हे कोरणाऱ्याचा हात काय असेल!

ज्युलिया डोम्ना सम्राट सेप्टिमियस सेव्हरसची बायको, सीरियातल्या एमेसाच्या पुजाऱ्याची लेक. हिची नाणी काळानुसार लावणं सोपं: सुरुवातीला पूर्ण नाव, 196पासून नुसतं 'ज्युलिया ऑगस्टा', 211नंतर 'पिया फेलिक्स' जोडलेलं. माझं मधल्या काळातलं, मागे धर्मनिष्ठेची देवी पिएटास वेदीपाशी उभी.

उणी बाजू चांदीची. सेव्हरसने नाण्यातलं चांदीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं, आणि ते नजरेला कळतं. फाउस्टिनाला काळसर, उबदार झाक आहे. डोम्नाचा पृष्ठभाग रवाळ, फिका. शिवाय चकती छोटी असल्यामुळे लेखातली दोन अक्षरं कडेला कापली गेली आहेत. फोटोवरून घेताना हे नीट बघा.

सांभाळायला त्रास नाही. कडेने धरायचं, पीव्हीसीच्या मऊ पाकिटात अजिबात ठेवायचं नाही, हिरवट चिकटा धरतो. देवाची चांदीची भांडी उजळतो तसं रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासायचं तर मुळीच नाही. ती काळी झाकच नाण्याची शोभा आहे.

घ्यायचं तर अस्सलपणाची लेखी हमी देणाऱ्याकडूनच घ्या, आणि एकच परवडत असेल तर फाउस्टिना घ्या.