80 नंबरचं सूत, 106 सेंटिमीटरचं अटेरण आणि गेलेले 28,620 रुपये

‘घरबसल्या बारीक सूत काता, गुंड्या आम्ही विकत घेतो’ ही जाहिरात (गुंडी म्हणजे सुताची 1000 मीटरची लड) दिसली की पुढे काय होतं ते बहुतेकांना ठाऊक असतं. नोंदणी, अनामत, माल नापसंत, मग फोन बंद. ते सगळं उगाळत बसत नाही. मला सांगायचंय ते वेगळं आहे. मला ज्यांनी लुबाडलं त्यांना सूत कळतं. नुसतं ‘तुमचं काम चांगलं नाही’ म्हणून ते झटकून टाकत नाहीत. तुमच्याच गुंडीचं वजन तुमच्याच डोळ्यांदेखत करून तुम्हाला खोटं पाडतात. म्हणून ज्यांचा हात कताईवर बसलेला आहे त्यांनी हे आधी वाचावं.

पैशांचा हिशेब असा. नोंदणी 1,500. पेटी चरखा आणि अटेरण (कातलेलं सूत मोजून गुंडाळायचं साधन) मिळून 9,800. ‘परत मिळणारी’ अनामत 6,000. अर्धा किलो पेळू, म्हणजे कातायला तयार केलेल्या कापसाच्या वळकट्या, 2,100. नंतर ‘दर्जा चाचणी’ 3,500. एकूण 22,900. त्यातले 1,320 पहिल्या बारा गुंड्यांची मजुरी म्हणून परत आले, म्हणजे रोख गेले 21,580. शिवाय माझ्या 64 गुंड्या त्यांच्याकडेच राहिल्या. 110 रुपये दराने त्यांचे 7,040. सगळे मिळून 28,620 रुपये.

घरात आणि बाहेर एकच ऐकून घेते आहे, ‘लोभ नडला’. कसला लोभ? पेटी चरख्यावर एक चाती (सुताला पीळ देणारी फिरती सळई), आणि 80 नंबरचं सूत काढायचं (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) म्हणजे एका गुंडीला चार तास सहज जातात. 110 रुपयांत तासाला 28 रुपयेसुद्धा पडत नाहीत. मला दाखवायला कुणीतरी खादी आयोगाचा दर शोधून आणला, 2025 च्या एप्रिलपासून गुंडीला 15 रुपये मजुरी. ‘15 ची वस्तू कुणी 110 ला घेईल का?’ अहो, त्या कताईत एका बाईपुढे आठ-आठ चात्या फिरतात आणि सूत जाड असतं. हाताने काढलेलं बारीक सूत मलमलीला जातं, त्याची गोष्टच वेगळी. दर अवाच्या सवा नव्हता, म्हणून तर विश्वास बसला. दुप्पट-तिप्पट कमाईचं आमिष असतं तर मी फोनही उचलला नसता.

पत्ता वर्ध्याजवळचा दिला होता. वर्धा म्हटलं की सेवाग्राम डोळ्यापुढे येतं, आणि सेवाग्रामच्या आसपासचा कताईवाला फसवेल असं आपल्या मनात येत नाही. त्यांनी नेमकं तेच वापरलं. बोलणारा माणूस तरुण, मला ताई म्हणायचा. येरवडा चरख्याची, म्हणजे याच पेटी चरख्याची, माहिती त्याला, सुविन जातीच्या कापसाचा तंतू किती लांब ते त्याला ठाऊक. माळ (चाकावरून चाती फिरवणारी दोरी) घसरते म्हणाले तर तिला राळ लाव असं त्यानेच सांगितलं, आणि माळ खरंच घसरायची थांबली. असा माणूस चोर असेल हे कुणाच्या लक्षात येईल?

चरख्याबरोबर 125 ग्रॅम पेळू आले. उत्तम पेळू, ते मान्य करायला हवं. चिमटीत धरून ओढले तर तंतू सरळ, लांब, कुठे गाठ नाही. हात जरा मागे नेला की सूत आपोआप निघायचं. बारा गुंड्या पाठवल्या. ‘82 नंबर निघाला ताई’ असा निरोप आला आणि 1,320 रुपये जमा झाले. हे पहिले पैसे म्हणजे गळाला लावलेलं आमिष, हे आता कुणीही सांगेल. त्यानंतर मी अनामत भरली आणि अर्धा किलो पेळू घेतले. ते पेळू पहिल्यासारखे नव्हते. तंतू आखूड, मध्ये बारीक गाठी. तरी मी पीळ वाढवून, चाल कमी करून 80 राखलं. माझ्या हाताला ते जमतं.

आता ज्या जागी मला कळायला हवं होतं ती जागा. दुसऱ्या खेपेला त्याने सांगितलं, ‘ताई, या वेळी गुंड्या उकळून, खळ लावून पाठवा. विणकरांना वेळ नाही.’ मी गुंड्या चार ठिकाणी सैल बांधल्या, किंचित साबणाच्या पाण्यात तासभर उकळल्या. कच्च्या कापसाचं मेण आणि मळ निघून पाणी तपकिरी होतं, तसं झालं. झटकून, ताण देऊन वाळवल्या. मग तांदळाची पातळ खळ करून त्यात बुडवल्या, पिळल्या, वाळताना चिकटू नयेत म्हणून सारख्या हलवत राहिले. काम म्हणून ते अगदी नीट झालं होतं. एकही तार दुसरीला चिकटली नव्हती.

पण विणताना सूत तुटू नये म्हणून लावतात ती खळ कोण लावतं? विणकर लावतो, ताणा (कापडाचे उभे धागे) करायच्या वेळी, आपल्या मागाला आणि हवेला जशी लागेल तशी. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताला तर ती लावतच नाहीत. कत्तिणीकडून सगळंच्या सगळं सूत खळ लावून मागणारा गिऱ्हाईक मी कधी ऐकला नव्हता. आणि खळ लावली की वजन वाढतं! वजन वाढलं की नंबर उतरतो! हे मला माहीत आहे, मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. तरी त्या दिवशी मी पातेल्यापाशी उभी राहून खळ ढवळत होते आणि हा प्रश्न मनात आला नाही, कारण आधीच्या गुंड्या पास झाल्या होत्या, पैसे आले होते, आणि समोरचा सुतातला जाणकार होता. त्याच्या जागी सूत न कळणारा कुणी असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. या एका गोष्टीचा अजूनही रात्री विचार येतो आणि डोकं तापतं.

64 गुंड्या पोचल्यावर त्याने व्हिडिओ कॉल केला. माझी एक गुंडी स्वयंपाकघरात असतो तसल्या डिजिटल काट्यावर ठेवली. काट्यावर 9 आले. ‘65 नंबर भरतोय ताई, करारात 80 च्या खाली घेत नाही असं आहे.’

इथे गणित समजून घ्या, कारण सगळी लबाडी इथेच आहे. 1000 मीटरच्या गुंडीचं वजन ग्रॅममध्ये घ्या आणि 590 ला त्याने भागा, नंबर निघतो. 80 नंबरची गुंडी 7.4 ग्रॅमच्या आसपास हवी. ज्या काट्याला ग्रॅमखालचं दिसत नाही त्यावर 7 आले तर नंबर 84 होतो आणि 8 आले तर 74. मधलं काही त्याला दाखवताच येत नाही! त्या काट्यावर 80 नंबर येणं शक्यच नाही. बारीक सूत असल्या काट्यावर मोजणारा एकतर अडाणी आहे किंवा ठग, आणि हा अडाणी नव्हता.

मग ‘पुन्हा प्रयोगशाळेत तपासून घेऊ’ म्हणून 3,500 मागितले. भरले. का भरले असं विचारू नका. माझा हात 65 चं सूत काढत नाही हे मला ठाम माहीत होतं आणि ते सिद्ध करायचं होतं. अहवाल आलाच नाही. आली ती व्हॉट्सअॅपवर वकिलाची नोटीस, कच्चा माल वाया घालवल्याबद्दल 4,800 भरा, नाहीतर कोर्ट. कच्चा माल मी विकत घेतलेला! ते पैसे मात्र मी दिले नाहीत. तुम्हीही देऊ नका. असली नोटीस म्हणजे फसवणुकीचा शेवटचा हप्ता असतो.

दोन गुंड्या घरी राहिल्या होत्या. त्या मी ओळखीच्या सराफाकडे नेल्या. खळ लावलेली गुंडी 8.6 ग्रॅम. दिवस पावसाळी होते, आणि कापूस हवेतली ओल ओढतो, त्याचंही वजन त्यात आलं. त्या ठगाच्या काट्यावर 9 का दिसले ते इथे कळलं. घरी येऊन गुंडी गरम पाण्यातून काढली, खळ पार धुतली, कडक वाळवली आणि पुन्हा सराफाकडे नेली. 7.82. म्हणजे नंबर 75. तरीही 80 नाही! माझा हात चुकतो की काय असं वाटून मी हादरले. मग डोक्यात आलं आणि त्यांनीच पाठवलेल्या अटेरणाला शिलाईचा टेप लावला. एक वेढा एक मीटरचा हवा. भरला 106 सेंटिमीटर. मी 1000 वेढ्यांची गुंडी समजून 1060 मीटर सूत देत होते. 7.82 ला 1.06 ने भागा, 7.38 येतात. म्हणजे बरोबर 80 नंबर. माझं सूत चोख होतं. प्रत्येक गुंडीमागे 60 मीटर सूत त्यांनी फुकट काढून घेतलं आणि त्याच जादा वजनावर मला नापास केलं.

हे सगळं लिहून, गुंडी पिशवीत घालून पोलीस ठाण्यात गेले. ‘काकू, हा दिवाणी मामला आहे. करार केलाय ना तुम्ही?’ फसवून पैसे घेणं दिवाणी कसं? 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 318 फसवणुकीचंच आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे म्हटल्यावर समोरच्याने पेन खाली ठेवलं आणि ‘तुम्हीच लिहा मग’ असं म्हणाला. शेवटी अर्ज घेतला, त्यात काय लिहिलं? ‘दोऱ्याची 64 रिळे, अंदाजे किंमत 640 रुपये.’ मी म्हटलं, हाताने कातलेलं बारीक सूत आहे, 7,040 लिहा. ‘पावती आहे का?’ चरख्यावर काढलेल्या सुताची पावती कोण देतं? अटेरण दाखवलं, टेप लावून दाखवला, तर ‘चार-सहा सेंटिमीटरचं काय घेऊन बसलात’. त्या सहा सेंटिमीटरमध्ये तर गुन्हा आहे!

बँकेत गेले, तर ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, व्यवहार अधिकृत आहे’. ज्या खात्यात पाठवले ते संस्थेच्या नावाचं नाही, एका व्यक्तीचं आहे, एवढं तरी नोंदवा म्हटलं, तर माहिती गोपनीय. खादीचं काम पाहणाऱ्या एका सरकारी कार्यालयात गेले. तिथलं उत्तर सगळ्यात झोंबलं. ‘ती संस्था आमच्या यादीत नाही, म्हणून आम्ही काही करू शकत नाही.’ यादीत नसताना खादीचं नाव लावून ती बायकांकडून पैसे उकळते, हीच तर तक्रार आहे. 2013 च्या खादी मार्क नियमांनुसार खादी मार्क, म्हणजे खादी आयोगाचं अधिकृत चिन्ह, नसलेला माल खादी म्हणून विकता येत नाही. मग विनापरवाना नाव वापरणाऱ्यावर बोट ठेवायचं कुणी, मी? अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला आणि तिथून पोलिसांकडे जा असं सांगून परत माझ्या हातात. पोलीस म्हणतात, ते खातं बघेल. दोन्हीकडे माझ्या अर्जावर शिक्का आहे आणि दोन्हीकडे कुणाचीही सही नाही.

ठाण्यात नोंद घेत नसतील तर वाद घालण्यात दिवस घालवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. मी रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, 1930 ला, फोन. माझे हप्त्याहप्त्याने गेले होते, तोवर खातं रिकामं झालेलं. ग्राहक आयोगात ‘तुम्ही ग्राहक नाही, व्यवसाय करता’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं साधन ग्राहक कायद्यात बसतं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

आणि सुताच्या बाबतीत: अटेरण कुणाचंही असो, आधी टेप लावा. नंबर खळ लावायच्या आधी, कोरड्या गुंडीवर, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर काढा आणि फोटो ठेवा. गुंडी परत करायची अट करारात नसेल तर पाठवू नका. खादीचं नाव घेणाऱ्याला खादी मार्कचा क्रमांक मागा, ‘लवकरच मिळतोय’ म्हणाला तर फोन ठेवा. पेळूच्या प्रत्येक खेपेतून चिमूटभर कापूस वेगळा ठेवा. माझ्याकडे दुसऱ्या खेपेचा आहे, पहिल्या खेपेचा एक तंतूही नाही, त्यामुळे माल बदलला हे मला दाखवता येत नाही.

अशीच पेटी आणि अटेरण ज्यांच्याकडे आलं असेल त्यांनी आजच टेप लावून पाहावा. 106 भरलं तर अटेरण परत करू नका, दुरुस्त करू नका, टेपसकट फोटो काढा आणि आपापल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या. माझ्या एकटीच्या अर्जावर ‘सहा सेंटिमीटर’ म्हणून हसतात. तेच सहा सेंटिमीटर दहा जणींच्या अर्जात सापडले तर त्याला अपघात म्हणता येणार नाही.